एकेचाळीस बुलगे

मेघना राऊळच्या नोकरीची आमच्या घोडपदेवच्या चाळीत आधी टिंगलच झाली. पोरगी कानाला हेडफोन लावून दिवसभर समुद्र ऐकते आणि त्याचा पगार घेते, म्हणजे काय? टिंगल करणाऱ्यांत मीही होतो, कबूल करतो.

शिवडीच्या पुढे पाण्यात एका खासगी कंपनीचा धक्का बांधणं चाललं होतं. खांब ठोकताना पाण्याखाली असा दणका बसतो की जवळच्या प्राण्यांचे कान कायमचे जातात. म्हणून पाण्यात ध्वनिमुद्रक सोडलेला. त्यातलं रेकॉर्डिंग मेघनाच्या कॉम्प्युटरवर यायचं, सॉफ्टवेअर आवाजाचं चित्र काढायचं आणि प्राणी कोणता ते मेघना ठरवायची. डॉल्फिनची शीळ ऐकू तरी येते. बुलगा, म्हणजे डॉल्फिनचा बिनपराचा बुटका भाऊबंद, इतक्या वरच्या पट्टीत बोलतो की माणसाच्या कानाला पत्ताच लागत नाही. पडद्यावर नुसत्या उभ्या बारीक रेघा दिसतात. त्या ओळखण्यात मेघनाचा हात धरणारं कोणी नव्हतं. बुलग्यांची नोंद झाली की ठोकाठोकी थांबवायची, असा नियम होता.

मार्चमधल्या एका आठवड्यात तिला बुलगे एकेचाळीस वेळा सापडले. वरून छापून आलेल्या अहवालात मात्र शून्य. खाली तिचंच नाव, सही तेवढी बाकी. एकेचाळीसचं शून्य करायला काय लागतं? एक बोट आणि निर्लज्जपणा.

तिचे वडील, नाना, मिलमध्ये एकतीस वर्षं साच्यांवर कापड विणत होते. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. साचेखात्यात ओरडून उपयोग नसायचा, सगळे एकमेकांचे ओठ वाचायचे. नाना आजही वाचतात. चाळीत त्यांच्यासमोर कुजबुजायची सोय नाही.

ऑनलाइन मीटिंग होती त्या दिवशी मी नानांना पेपर द्यायला गेलो होतो. पडद्यावर मेघनाचा साहेब, रघुवीर. गोड बोलणारा. असल्या गोड माणसांची मला चीड आहे.

"अगं मेघना, बोटीचा गोंगाटही सॉफ्टवेअरला बुलगाच वाटतो. सही करून टाक, पुढचं पुढे बघू."

"सर, सॉफ्टवेअरने दाखवलं म्हणून नाही लिहिलं. एकेक रेघ मी चेक केलीय."

"एक मिनिट हं," म्हणत त्याने माइक बंद केला, शेजारच्या माणसाशी काहीतरी बोलला आणि हसला. माइक बंद केला की तोंडही झाकलं, अशी त्याची समजूत असावी.

मेघनाने आपलाही माइक बंद केला. नाना खुर्ची ओढून पुढे सरकले होते. "तो काय म्हणता सांगू? म्हणता, बुलगे आसत ता माका म्हायत आसा. शून्यच ऱ्हवांदे. पोरगी गरजवंत, सही करतली."

मेघनाचा चेहरा उतरला. गरजवंत तर ती होतीच. कंत्राट महिन्यामहिन्याने वाढायचं आणि घर त्याच्यावर चालायचं. "काका, काय करू?" तिने मला विचारलं. मी हातातल्या पेपराची घडी घालत बसलो, त्याची लाज अजून वाटते.

नाना उठले. कपाटातून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढून तिच्यापुढे ठेवला. मिलच्या डॉक्टरचा दाखला, कान गेल्यानंतरच्या तारखेचा. 'दोन्ही कान उत्तम.' तो वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली नानांची सही होती.

"तेव्हा माका पन गरज होती," नाना म्हणाले.

रघुवीरने माइक चालू केला, मेघनानेही. "हां, झाली सही?"

मेघनाने अहवालावर सहीच्या जागी पेनाने 'एकेचाळीस' लिहिलं आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला. "नाही सर. आणि मघाशी तुम्ही जे बोललात ना, ते माझ्या वडिलांनी ऐकलंय."

कंत्राट त्याच आठवड्यात गेलं. कंपनी तिच्या जागी आता दुसरं माणूस शोधते आहे. जाहिरात मी वाचली. शेवटी लिहिलंय, गरजूंनी त्वरित संपर्क साधावा.