चावीवाल्या मावशी पाहुण्या होतात

बंदरावर त्यांना सगळे चावीवाल्या मावशी म्हणत. धक्क्यासमोरच्या इमारतीत सुट्टीसाठी भाड्याने देतात ते सहा फ्लॅट होते आणि सहांच्याही चाव्या गेली एकोणीस वर्षं मावशींकडे. मोसमात दर शनिवारी सकाळी दहाला जुने पाहुणे निघत, तीनला नवे येत. मधल्या पाच तासांत मावशी घरं अशी लख्ख करत की तिथे आधी कुणी जेवलंय, झोपलंय, भांडलंय, याचा मागमूस उरत नसे. न्हाणीघरात एक केस राहिला तरी त्यांना तो स्वतःचा अपमान वाटे. बाई तशी नाकावर माशी बसू न देणारी.

या कामापायी त्यांनी आयुष्यातले किती शनिवार घालवले, ते विचारू नये. एक शनिवार मात्र त्यांना फार महागात पडला. नवरा इस्पितळात होता, डॉक्टर म्हणाले आज बरा आहे, म्हणून लेकीला त्याच्याजवळ बसवून मावशी चादरी बदलायला गेल्या. चौथ्या फ्लॅटमध्ये असताना फोन आला. त्या पोहोचल्या तेव्हा लेक एकटीच त्याचा हात धरून बसली होती. दहाव्या दिवशी बॅग उचलून लेक शहरात परतली. जाताना एवढंच म्हणाली, "तुला लोकांच्या चादरी जवळच्या." तीन वर्षं झाली, ती परत आली नाही. फोन येई, तब्येतीची चौकशी होई, संपलं.

यंदा पानगळीच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या फ्लॅटचं बुकिंग पाहुण्यांनी ऐन वेळी रद्द केलं. मालकीणबाई म्हणाल्या, शुक्रवार ते रविवार रिकामंच आहे, तुम्हीच राहा की. मावशी आधी नको नको म्हणाल्या. मग त्यांना आठवलं, लेक लहानपणी बादली धरून याच फ्लॅटच्या खिडकीत उभी राही. समोर बोटी, मागे टेकडीवरचं जंगल. आपण इथे एकदा राहायचं का, असं ती शंभरदा विचारायची आणि मावशी शंभरदा तिच्या हातात फडकं द्यायच्या.

त्या संध्याकाळी मावशींनी लेकीला फोन केला. अडखळत सांगितलं, कोपऱ्यातला फ्लॅट रविवारपर्यंत आपला आहे, तू ये. लेक म्हणाली, "बघते. जमलं तर रविवारी येईन, नक्की नाही सांगत." मावशींनी घाईघाईने दाराबाहेर चावी ठेवायची जी नंबरी कुलपाची डबी होती, तिचा नंबरही सांगून टाकला. कधीही ये, म्हणाल्या, मी आहेच.

शुक्रवारी मावशी पाहुण्या झाल्या खऱ्या, पण पाहुणं होणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मोठ्या पलंगाच्या एका कडेला अंग चोरून झोपल्या, उठल्या उठल्या चादर ताणून बसवली. अंघोळ झाली की नळ पुसला. आपली पिशवी आणि चपला झाडू-बादलीच्या कपाटात ठेवल्या, कारण कामवाल्या माणसाचं सामान खोलीत दिसता कामा नये, हा त्यांचा नियम. शनिवार सगळा खिडकीत गेला. धक्क्यावर दोन माणसं जाळी दुमडत होती. बाकीचे पाच फ्लॅट बंद. दिवसभरात मावशींशी बोललं असं कुणी नाही. हा एकटेपणा त्यांच्या स्वतःच्या घरातही होताच, पण तिथे तो कामाच्या रगाड्यात दबून जाई. इथे तो समोर येऊन बसला.

रविवारी जीव टांगणीला. नऊची बस आली, तिच्यातून एक म्हातारा उतरला. अकराच्या बसमधून तर कुणीच नाही. बारा वाजता मावशींना घरात बसवेना. येणार नाही ती, का यावं तिने, असं स्वतःलाच फटकारत त्या उठल्या. निघताना हात आपोआप चालले. कप धुतले, ओटा कोरडा केला, कचऱ्याची पिशवी खाली नेली, किल्ली डबीत टाकली आणि जंगलाची वाट धरली.

जंगलात पायवाटेवर पिवळ्या पानांचा घोटाभर थर होता. मावशी नुसत्या चालत राहिल्या. नवऱ्याची आठवण आली, त्याहून लेकीची आली, आणि एका ओंडक्यावर बसून त्या मनसोक्त रडल्या. तिथे कुणाला त्रास होणार नव्हता.

उतरल्या तेव्हा तीन वाजत आले होते. टेकडीच्या पायथ्याशी रेंज आली आणि फोन थरथरायला लागला. लेकीचे सात कॉल. त्यांनी उभ्या उभ्याच फोन लावला.

"कुठे आहेस गं?"

"बसमध्ये." लेकीचा आवाज थकलेला होता. "एका मैत्रिणीच्या गाडीतून आले होते, साडेबाराला. तू तर राहायलाही आली नाहीस ना, आई?"

"म्हणजे? परवापासून इथेच आहे मी."

"काहीतरीच. पलंग तसाच, टॉवेल घडी घातलेले, एक वस्तू नाही कुठे. फोनही लागेना. मला वाटलं, या वेळीसुद्धा कुठलंतरी काम निघालं आणि तू गेलीस."

मावशींनी पिशवीचं सांगितलं, कपाटाचं, जंगलाचं. सांगताना त्यांचं त्यांनाच ते खोटं वाटायला लागलं. पलीकडे लेक ऐकत होती. रागावली नव्हती, तेच जास्त लागलं.

"परत ये," मावशी म्हणाल्या. असं त्या आजवर कुणाला म्हणाल्या नव्हत्या.

"आता आले तर मग परतीची बस नाही, आई. उद्या कामावर जायचंय." पुढे ती म्हणाली, "दीड तास थांबले होते मी. चहा केला, खिडकीत बसून प्यायले. छान दिसतं तिथून."

मग रेंज गेली, की लेकीने फोन ठेवला, कुणास ठाऊक.

मावशी जिने धापा टाकत चढल्या. दार उघडून त्या खोलीभर फिरल्या. खिडकीतली खुर्ची टेबलाखाली सरळ सारलेली होती. ओटा कोरडा, गॅस पुसलेला, गाळणीत चहाचा चोथासुद्धा नाही. पोरगी त्यांच्याच हाताखाली वाढलेली. फडताळात चार कप एका ओळीत पालथे होते. मावशींनी एकेक हातात घेऊन पाहिला, नाकाशी धरला, आतून बोट फिरवलं. चारही स्वच्छ होते, आणि लेक कुठल्या कपातून चहा प्यायली, ते त्यांना काही केल्या ओळखता आलं नाही.