गिरणेत सोडलेल्या मूर्ती

भडगावकडे जाताना गिरणेचा पूल आला की ती घटना आजही आठवते आणि मी खिडकीतून नजर काढून घेतो.

तिथल्या एका गावात चित्रकलेचे निवृत्त शिक्षक राहत. सगळे त्यांना भाऊ म्हणत. शेतात नांगराला लागलेल्या जुन्या दगडी मूर्ती त्यांनी आयुष्यभर गोळा करून घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मांडल्या होत्या. बहुतेक भंगलेल्या, कुणाला हात नाही, कुणाला नाक नाही. बरेच खेटे घातल्यावर त्यांच्या जतनासाठी सरकारी अनुदान मंजूर झालं. पाहणी पथक यायचं होतं, त्याच आठवड्यात भाऊ आमच्या पोलीस ठाण्यात आले आणि बाकावर मटकन बसले. ते तपासणीसाठी जळगावच्या दवाखान्यात गेले होते, तेवढ्यात खोल्या रिकाम्या झाल्या होत्या.

पंचनाम्यात कुलूप शाबूत आढळलं. घरात त्यांची विधवा थोरली बहीण, अक्का, तेवढी असे. तिने आम्हाला पाणी दिलं. वरिष्ठांचा सगळा भर तस्करांवर होता.

खबर दिली बसस्टँडवरच्या चहावाल्याने. गावातला एक टेम्पो ताडपत्री टाकून नदीकडे गेला होता. चालकावर वाळूचोरीचे जुने गुन्हे होते. त्याला ठाण्यात आणलं. सराईत चोर चौकशीत तोंड चालवतो. हा मान खाली घालून गप्प. मग मी टेम्पो तपासला. मागे हळद-कुंकू सांडलेलं, झेंडूची फुलं, नारळाची शेंडी. चोरीच्या मालापुढे कोणी नारळ फोडत नाही.

"विसर्जन केलंस ना?" मी विचारलं.

तो रडायलाच लागला. "अक्कानी शपथ घालेल शे, साहेब. देव नदीमा सोडी उनूत."

अक्काने काहीच लपवलं नाही. "तुटेल देव घरमा ठेवतस का, साहेब? तेन्हामुयेच भाऊ आजारी पडना."

नदीत पट्टीचे पोहणारे उतरवले. वाळू उपसून पात्रात खोल खड्डे झालेले, त्यात धरणाचं पाणी सुटलेलं. मूर्तीचं एक दगडी पाऊल तेवढं हाती लागलं. पथक आलं, रिकाम्या खोल्या पाहून गेलं. अनुदानही गेलं. खरं सांगतो, मला त्या बाईचा भयंकर राग आला.

भाऊंनी मात्र हात जोडले. "तिला काही बोलू नका, साहेब. ती माझ्यासाठीच करून बसली."

गैरसमजातून घडलेला प्रकार म्हणून मी प्रकरण बंद करण्याचा अहवाल पाठवला. चोराने नेलेलं परत मागता येतं. मायेच्या माणसाने नेलेलं मागायचं कुणाकडे?

शेवटचा त्यांच्या घरी गेलो तेव्हा भाऊ खाटेवर होते, वाळून निम्मे झालेले. ते पाऊल मी त्यांच्या हातात दिलं. अक्काची चाहूल लागताच त्यांनी ते उशीखाली सरकवलं.

अक्का चहा घेऊन आली. चेहरा नुसता फुललेला. "दखा साहेब, देव पानीमा गयात अन् भाऊ सुधारना!"

"हो अक्का, खूप बरं वाटतंय," भाऊ म्हणाले आणि माझ्याकडे पाहू लागले.

"हो अक्का," मीही म्हणालो, "फरक दिसतोय."