मशीनची काळी जाळी
हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, पण धुतलेल्या नळीचा साबणाचा वास आला की आठवतंच. झोपेत श्वास थांबतो म्हणून वडील हवेच्या मशीनचा मास्क लावून झोपत आणि ते मशीन साफ ठेवणं माझं काम होतं. चंद्रपुरात खिडक्या लावल्या तरी कोळशाची धूळ घरात येते, मशीनची हवा गाळणारी जाळी सारखी बघावी लागते. मी मात्र मास्कवर नुसता ओला फडका फिरवायचो आणि बायकोनं विचारलं की "धुतलं" म्हणायचो. महिन्याभरात वडिलांना खोकला जडला, ते मास्क काढून टाकू लागले. एका सकाळी बायकोनं मशीन उघडलं तर जाळी काजळीसारखी काळी आणि नळीला कुबट वास. ती माझ्याकडे वळली, तोच वडील खाटेवरून म्हणाले, "त्याले काऊन बोलून राह्यली, बाई? मीच मशीनले हात लावू देत नव्हतो." मग मला म्हणाले, "आता धू बाबू, चांगलं घासून." मी अंगणात बसून नळी धुतली, सावलीत दोरीवर वाळत टाकली. त्यानंतर एक दिवसही चुकवला नाही, आणि वडील शेवटपर्यंत नीट झोपले. आता तसंच मशीन माझ्या उशाशी आहे. बायको ते रोज धुते आणि म्हणते, "बाबांसारखा हट्ट नका करू तुम्ही." वडील हट्टी नव्हते, हे तिला सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.