ही कोरफड नाही

काटेमामांचं आडनाव काटे नव्हतं. केडगावच्या आमच्या सार्वजनिक बागेत त्यांनी तीस वर्षं काटेरी झाडंच लावली, म्हणून ते काटेमामा. साहेब लोक गुलाब मागायचे आणि मामा घायपात लावायचे. "नळाला दिसाआड बी पानी न्हाई, आन् ह्यान्ला गुलाब पायजे," असं पुटपुटत. पण ऐन उन्हाळ्यात सगळीकडचं करपलेलं असताना आमच्या बागेत हातभर पात्यांच्या निळसर घायपाती ताठ उभ्या असायच्या आणि मागं बोगनवेल नुसती पेटलेली. रस्त्यानं जाणारी माणसं गाडी थांबवून फोटो काढायची.

मी फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत तिकिटं फाडते. बी.एड. झालेलं, शिक्षकभरती निघेपर्यंत दोन महिने म्हणून बसले, त्याला सहा वर्षं झाली. खिडकीला गज आहेत. गजांतून समोर वाकलेले मामा दिसायचे.

"आर्डर आली की जानार," हे मामांचं रोजचं वाक्य. ते अजून रोजंदारीवरच होते. कायम झाल्याचा कागद आला की पेन्शन लागणार आणि मग पारनेरकडच्या आपल्या मुरमाड तुकड्यावर जाऊन राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. "तितं मानूस टिकत न्हाई म्हनत्यात. मी टिकनार," म्हणायचे. आत्ताच का जात नाही, असं मी एकदा विचारलं. "आता सोडलं तर तीस वरसं पान्यात, ताई." मग मी पुन्हा विचारलं नाही. मला तरी कोणी विचारलेलं कुठं आवडत होतं?

सकाळी फिरायला येणाऱ्या बायका घायपातीला कोरफड समजून पाती मोडून न्यायच्या, चेहऱ्याला चोळायच्या आणि सुजलेल्या तोंडानं तक्रार करायला यायच्या. शेवटी मामांनी माझ्याकडून पाटी लिहून घेतली : 'ही कोरफड नाही.' दुसऱ्या दिवशी चार पाती जास्त गेली. एक काकू खिडकीशी येऊन हळूच मला म्हणाल्या, "लोकांनी नेऊ नये म्हणून लिहिलंय हो तसं. आम्हाला कळत नाही का?" मामा हसून हसून खालीच बसले. "ताई, तुमचं बी.एड. वाया न्हाई गेलं. वाचत्यात तरी."

पण पुढं एका बड्या घरच्या बाईंचा चेहरा सुजला आणि हुकूम आला : काटेरी झाडं काढा, हिरवळ लावा. मी म्हटलं, "मामा, नाही म्हणा. इथं हिरवळ जगणार नाही." ते नुसते म्हणाले, "न्हाई म्हनलं की फाईल गेली." हातांना गोणपाट गुंडाळून तीन दिवस त्यांनी स्वतः लावलेली एकेक घायपात खणून काढली. मला त्यांचा भयंकर राग आला. मीही गजांमागं बसूनच होते, हे त्या रागात सोयीनं विसरले.

तिसऱ्या दिवशी सुटीच्या वेळी ते खिडकीशी आले. गोणपाटात घायपातीच्या बुडाशी फुटलेलं एक पिल्लू होतं. "घरी न्या. पर कुंडीत नका घालू. कुंडीत मुळं गोल गोल फिरत्यात आन् तितंच ऱ्हात्यात. जमिनीत लावा."

मी भाड्यानं तिसऱ्या मजल्यावर राहते. पिल्लू तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं. मागल्या महिन्यात डबा गंजून फाटला, तेव्हा त्याहून मोठी कुंडी आणली.

मामांची साठी झाली, शाल-श्रीफळ मिळालं, कागद आला नाही. पेन्शन नाही, म्हणून लेकीनं त्यांना सुप्याला नेलं. जावई कारखान्यात आहे. दुसऱ्या मजल्यावर एक खोली. एकट्याला गावाला पाठवायला ती तयार नाही. रविवारी मामा मला फोन करतात. परवा विचारलं, "ताई, पिल्लू लावलं का जमिनीत?"

समोर बागेतली हिरवळ वाळून पिवळी पडली होती. मी म्हटलं, "लावलं मामा. आमच्या शेताच्या बांधावर."

आमचं शेत नाही. मामांनी ते कधी विचारलं नव्हतं, आत्ताही विचारलं नाही.

"मग झालं," ते म्हणाले. "एक तरी सुटलं."