कॅसेटी मनोजने नेल्या नव्हत्या

ही गोष्ट सांगायची मी फार वर्षं टाळली. आधी वाटायचं, मुलगा मोठा झाला की सांगू. मग वाटलं, बायकोला या वयात कशाला त्रास. ती गेल्यावर वाटलं, आता कोणाला काय फरक पडतो... गेल्या महिन्यात उकव्याहून सविताचा फोन आला. मी सकाळच्या गोळीसाठी पेल्यात पाणी ओतत होतो. "काका, हे गेले," एवढंच ती म्हणाली आणि कोणीतरी तिच्या हातातून फोन घेतला. सविता म्हणजे मनोजची बायको. आणि मनोज म्हणजे आमच्या घरात ज्याला तीस वर्षं चोर म्हटलं गेलं, तो. त्याने काहीही चोरलं नव्हतं. हे आधीच लिहून टाकतो, कारण शेवटपर्यंत माझी हिंमत टिकेल याचा मला भरवसा नाही.

मनोजचे वडील डोमाजी आमच्या ऑफिसात चपराशी होते आणि मी तिथे मोठा बाबू. बालाघाटला आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत ते कुटुंब राहायचं. माझा नितीन आणि त्यांचा मनोज एका वर्गात. नितीनला मी गोंदियाहून व्हिडिओ गेम आणून दिला तेव्हा मोहल्ल्यात तसं यंत्र दुसरं नव्हतं. त्याच्या कॅसेटी म्हणजे तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या डब्या, पिवळ्या नि काळ्या. यंत्राच्या खाचेत कॅसेट खोचली की टीव्हीवर खेळ सुरू व्हायचा; बरेचदा व्हायचा नाही. मग ती काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. ही कला मनोजची. नितीन पलंगावरूनच ओरडायचा, "मन्या, फूक मार बे," आणि मनोज कॅसेट ओठांशी बासरीसारखी धरून अशी लांब फुंकर घालायचा की खेळ लागायचाच. दोघांचा आवडता खेळ रणगाड्यांचा. खाली विटांचा छोटा किल्ला, तो दोघांनी मिळून राखायचा. एका पिवळ्या कॅसेटचा कोपरा मनोजच्या हातून पडून उडाला होता. त्या दिवशी तो जेवला नव्हता, असं त्याची आई सांगत होती.

दहावीच्या वर्षी सहामाहीत नितीन गणितात नापास झाला. मी खेळ बंद केला तर त्याने जेवण बंद केलं, आणि कुसुमने, माझ्या बायकोने, माझ्याशी बोलणं. एका दुपारी घरात कोणी नसताना मी सगळ्या कॅसेटी जुन्या धोतरात गुंडाळल्या आणि माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली ठेवून कुलूप लावलं. बोर्डाची परीक्षा झाली की काढून देऊ, एवढाच माझा विचार. संध्याकाळी नितीनने घर डोक्यावर घेतलं. कुसुमने मला विचारलं. मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणालो, "मले काय माहीत." त्या तीन शब्दांच्या पलीकडे मी काहीही केलं नाही. पुढचं सगळं माझ्या गप्प बसण्याने केलं.

आमच्या भागात घरातली वस्तू गेली की तांदूळ खाऊ घालायची रीत होती. गुनियाकडून, म्हणजे मंत्र-तंत्र करणाऱ्याकडून, तांदूळ मंतरून आणायचे आणि ज्यांच्यावर संशय त्यांनी ते कोरडे चावून पानावर थुंकायचे. चोराच्या तोंडाला पाणी सुटत नाही, त्याचे तांदूळ कोरडे निघतात, असा लोकांचा विश्वास. घरात रोज येणारा बाहेरचा एक मनोजच, म्हणून कुसुमचा संशय त्याच्यावर; तिने लांजीकडच्या एका गुनियाकडून पुडी मागवली. मनोजला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांनी चावायचे ठरलं. आम्ही ओसरीवर बसलो. आधी मी चावले. मी निवांत होतो; मला ठाऊक होतं की मंत्राबिंत्रात काही नसतं. माझ्या पानावर पांढरा ओला लगदा पडला. नितीनचाही तसाच. मनोज खूप वेळ चावत राहिला. त्याचे वडील समोर उभे होते. त्याने तोंड उघडलं तेव्हा पानावर कोरडी कणी पडली, भुरभुर...

"मी नाही नेल्या काकू," तो म्हणाला. "आईची शप्पथ."

डोमाजीने कमरेचा पट्टा काढला. माझ्या ओसरीवर, माझ्यासमोर, माझी लाज राखण्यासाठी त्याने पोराला मारलं. मी म्हणालो, "जाऊ दे डोमाजी, पोरगं आहे." हे वाक्य मला आजही झोपू देत नाही. मी त्याला माफ केलं होतं. चार लोकांत मोठेपणा घेऊन मी माफ केलं होतं.

थोड्याच दिवसांत मनोजला उकव्याला मामाकडे पाठवलं. तिथे शाळा सुटली आणि वयात आल्यावर तो मामासोबत मॅंगनीजच्या खाणीत लागला. नितीन दहावी पास झाला, पुढे इंजिनिअर झाला, पुण्याला गेला. परीक्षा संपल्यावर मी ट्रंक उघडली होती. पण आता कॅसेटी बाहेर काढायच्या तर सोबत ती ओसरी, ते पान, तो पट्टा, सगळंच बाहेर काढावं लागणार होतं. मी पुन्हा कुलूप लावलं. डोमाजी निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी माझ्या टेबलावर पाणी ठेवत राहिला, माझ्या नजरेला नजर न देता. पोराच्या चोरीची शरम मनात घेऊनच तो गेला. कुसुमही तेच खरं मानून गेली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत नितीन एक नवीन यंत्र घेऊन आला. दिसायला आजचं, नव्या टीव्हीला लागणारं, पण जुन्या कॅसेटींसाठी केलेलं. वरती तीच खाच, सोबत दोन रिमोट. त्याच्या वयाच्या लोकांना आता लहानपण असं विकत मिळतं. सोबत मागवलेली एकमेव कॅसेट काही चालली नाही. "आपल्या असत्या तर मजा आली असती बाबा," तो हसत म्हणाला. "त्या मन्याने कुठे विकल्या कोणास ठाऊक." ट्रंक त्याच्या पाठीमागेच होती, तिच्यावर त्याचीच बॅग ठेवलेली. मी म्हणालो, "चहा टाकू का?" जाताना यंत्र तो इथेच ठेवून गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी दवाखान्यात औषधाच्या रांगेत एक माणूस माझ्या पाया पडला. चेहरा काळवंडलेला, सुजलेला, हाताला पट्टी. "ओळखलं नाही काय काका? मनोज." त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. रक्त साफ करून घ्यायला उकव्याहून बसने यायचा आणि नंतर परतीच्या बसची वाट पाहत स्टँडवर पडून राहायचा. मी त्याला घरी घेऊन आलो. पुण्य म्हणून नाही. त्याला स्टँडच्या बाकावर तसाच सोडून येण्याइतकं बळ माझ्यात नव्हतं, इतकंच. दारात आल्यावर तो थांबला. खांद्यावरची कापडी पिशवी त्याने ओसरीच्या खिळ्याला अडकवली आणि मग मोकळ्या हातांनी आत आला. पुढेही जेव्हा जेव्हा आला, तेव्हा पिशवी बाहेरच राहिली. मला आधी वाटलं, दवाखान्याची पिशवी म्हणून संकोच असेल. एकदा वादळी पाऊस आला, पिशवी भिजत होती, आत त्याचे कागद आणि औषधं. मी म्हणालो, "आत आण ना बाबा." तो म्हणाला, "राहू द्या काका. बाहीरच बरी." तेव्हा मला कळलं, या घरातून काही नेल्याचा आळ त्याला पुन्हा नको होता, आणि कळल्यावरही मी पुढे काही बोललो नाही.

शेवटी एका दुपारी मी ट्रंक उघडली आणि तो येण्याआधी सगळ्या कॅसेटी टेबलावर मांडून ठेवल्या. ठरवलं होतं, त्यांच्याकडे बोट दाखवायचं आणि सांगून टाकायचं. तो आला, बसला, आणि हात लांबवून त्याने नेमकी ती कोपरा उडालेली पिवळी उचलली. अंगठा त्या कोपऱ्यावरून फिरवत राहिला.

"कुठी भेटल्या?"

"गावी..." मी म्हणालो. "जुन्या सामानात."

"हौ," तो म्हणाला. कॅसेट त्याने बाकीच्यांच्या रांगेत परत ठेवली. मग म्हणाला, "नितीनले सांगतलं काय?"

"सांगतो. या रविवारी फोन करतो."

"सांगून द्या काका. बस, भेटल्या म्हणून सांगा."

आम्ही यंत्र लावलं. कॅसेट लागेना. मनोजने ती ओठांशी धरली, तशीच, बासरीसारखी. पण फुंकर निघाली नाही, छातीतून नुसती घरघर आली. त्याला दिवसभरात मोजकंच पाणी पिण्याची परवानगी होती, ओठ भेगाळलेले असायचे. मी पाण्याचा पेला पुढे केला तर त्याने नुसते ओठ ओले केले आणि हसला. "आता तांदूळ खाऊ घातले ना काका, तरी कोरडेच निघतीन माहे." त्याला सगळं कळलं होतं का, की तो नुसता स्वतःच्या आजाराची थट्टा करत होता? मला आजही ठाऊक नाही. मीही हसलो. मी हसलो, हे लिहायलाच हवं. मग कॅसेट माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "मारा तुमी फूक." आणि खेळ लागला.

त्यानंतर तो आला की आम्ही दोघं ते रणगाडे खेळायचो. मला जमायचं नाही. माझे गोळे माझ्याच किल्ल्याच्या विटांवर जायचे. "काका, दुश्मनाले मारा ना, घर काहून फोडता आपलं?" तो म्हणायचा. खेळताना त्याचा चेहरा सैल व्हायचा. निघताना दोन्ही रिमोटच्या तारा नीट गुंडाळून ठेवायचा, पिवळी कॅसेट खाचेतच राहू द्यायचा, आणि ओसरीवर पिशवी घेताना दर वेळी विचारायचा, "झालं काय नितीनशी बोलणं?" मी म्हणायचो, तो कामात आहे. एकदा म्हणाला, "तो आला का मले सांगा. एक डाव खेळतो त्याच्यासंगं. मंग काही नाही."

नितीन या उन्हाळ्यात आला. येण्याआधी मी कॅसेटी धोतरात गुंडाळल्या आणि ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. या वेळी मी कोणाच्या परीक्षेसाठी हे करत नव्हतो. मग मनोजला फोन केला. "या हप्त्यात घरी पाहुणे आहेत बाबा." "हौ काका. मी स्टँडवरच बसतो." कोण पाहुणे, ते त्याने विचारलं नाही. दोन दिवसांनी नितीन आणि मी ऑटोने स्टेशनकडे निघालो होतो, त्याच्या तिकिटाचं काम होतं. स्टँडपाशी ऑटो गर्दीत अडकला. पत्र्याच्या सावलीत बाकावर मनोज बसला होता, पिशवी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. त्याने आम्हाला पाहिलं. नितीनला ओळखलं असणार; नितीन अजूनही कुसुमसारखाच दिसतो. त्याने हात वर केला नाही, हाकही मारली नाही. मी मान फिरवून समोर पाहत राहिलो. नितीन म्हणाला, "काय गर्मी आहे इथे," आणि ऑटो निघाला.

त्यानंतर मनोज आला नाही. मी फोन केला नाही. मग सविताचा फोन आला.

नितीनला कळवलं. "कोण मनोज?" तो म्हणाला, आणि मग, "अच्छा, तो कॅसेटवाला?" लहानपणाची मैत्री आणि आयुष्यभराचा खोटा डाग एकाच शब्दात. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "हौ, तोच."

तेरवीला उकव्याला गेलो. बसमध्ये सगळं वाक्य जुळवलं होतं, निदान त्याच्या बायकोला तरी सांगायचं. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आलेल्या बायकांना म्हणाली, "हेच ते बालाघाटचे काका. हे म्हणत, सगळ्यायनं दूर केलं, पण काकानं मले घरात घेतलं." बायका माझ्याकडे आदराने पाहत होत्या. माझ्या तोंडाला कोरड पडली. ते पाणीही मला गिळवेना. जुळवलेलं वाक्य तसंच परत घेऊन मी बसमध्ये बसलो.

म्हणून हे छापायला देतो आहे. नितीन हे इथेच वाचेल. तोंडाने सांगायची माझी लायकी राहिली नाही. तो माझ्याशी पुन्हा बोलेल की नाही, ठाऊक नाही. बोलला तरी ज्याला हे ऐकायचं होतं तो कोणत्याही बसने येणार नाही. यंत्र टीव्हीखाली तसंच आहे. नितीन गेल्यावर मी पिवळी कॅसेट पुन्हा खाचेत लावून ठेवली होती, मनोज येईल म्हणून. दुसऱ्या रिमोटची तार त्याने गुंडाळली होती तशीच आहे, मी सोडत नाही. ओसरीवरचा खिळा रिकामा आहे. जाता-येता माझा हात त्याच्याकडे जातो. तिथे उभं राहून मी रोज ते वाक्य म्हणतो. चार शब्दांचं काम होतं, आणि त्याच्यासमोर बसून कितीतरी दुपारी मला ते साधलं नाही...

मनोज, कॅसेटी मी लपवल्या होत्या. मले माफ कर बेटा. अन् ती पिशवी आत घेऊन ये.