बैलाला वैद्याकडे नेलं तेव्हा

मी दोन बुकं शिकलो. तिसरीत मास्तरांनी छडी उगारली, मी पाटी तिथंच ठेवून मळ्यात आलो. चांगलं केलं, असं आजही म्हणतो. तेव्हा वऱ्हाडावर नागपूरच्या इंग्रजी सरकारचा अंमल होता. बार्शीटाकळीजवळ आमचा मळा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं मोटेच्या पाण्यावर.

मोट हाकताना मी गाणं म्हणे. भरली मोट ओढत बैल उतारावर निघाले की ओळ सुरू, आणि ओळीच्या शेवटी मी लांब हेल काढला की ते थांबून मागं सरत. आसूड त्यांना माहीत नव्हता. याचा मला ताठा होता, अजून आहे.

एका उन्हाळ्यात बैल अर्ध्या उतारावरच थांबू लागले. मोट विहिरीत लोंबकळे. वांग्यांनी माना टाकल्या. मी आळ घेतला डाव्या बैलावर आणि पहिल्यांदा त्याच्यावर आसूड उचलला.

त्याच दिवसांत माझ्या वहाणा आखडल्या. कातडं कच्चं लावलं म्हणून मी शिवणाऱ्याशी भांडलो. आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं होई, म्हणून भिंतीला टेकून झोपे. बायकोनं विचारलं तर सांगितलं, उकडते.

ती म्हणाली, "बैलाचं दुखणं, वहाणीचं दुखणं. तुमचं तेवढं काहीच नाही."

मी डावा बैल घेऊन गुरांच्या म्हाताऱ्या वैद्याकडे गेलो. अर्ध्या कोसात तीनदा बसलो. म्हाताऱ्यानं बैलाच्या बरगडीला कान लावला, जीभ पाहिली, खूर पाहिले. मग बैल कधी थांबतो ते विचारलं. मी सांगू लागलो, पण एक वाक्य सलग पुरं होईना.

"भाऊ, बैल खणखणीत आहे," तो म्हणाला. "तुमचं गाणं तुटते, म्हणून तो थांबते. तुमीच काहून धापा टाकून राहिले?" त्यानं माझ्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेना. "आजच्या आज अकोल्याले जा. मले गुराचं कळते, माणसाचं नाही."

गावात सगळे म्हणाले, सरकारी दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही. चार जण म्हणाले म्हणून मी आजवर काही सोडलं नव्हतं. बायकोला म्हटलं, गाडी जुंप.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, पाणी अंगात साचतंय. चढावर धाप लागून बसल्यावर थांबली, तर ती गोष्ट वेगळी. पण बसल्याजागी दम लागला, आडवं होववेना, बोलताना वाक्य तुटलं, पाय सुजले, ओठ निळे पडले, छाती दाबली, तर त्याच दिवशी यायचं. तुम्ही दोन महिने वहाणेला शिव्या देत बसलात. त्यांनी औषधाचे थेंब दिले, मीठ तोडलं, मोट बंद केली.

पहिल्या दोन गोष्टी मी ऐकल्या. मोट बंद म्हणजे मळा वाळला. तेव्हा मोटेचा दोर, नाडा, बायकोनं धरला. बाईमाणूस मोट हाकते म्हणून लोक बांधावर येऊन हसले. मी त्यांना बसायला गोणपाट टाकून दिलं, म्हटलं नीट पाहा.

तिला गाता येत नाही. मी विहिरीजवळ झाडाला टेकून गातो, एका दमात बसेल तेवढीच ओळ. सुरुवातीला बैल गोंधळले. आठ दिवसांत त्यांनी आखूड ओळ शिकून घेतली. डाव्याच्या पाठीवर आसुडाचा वळ होता, तिथं मी रोज हात फिरवतो. माफी मात्र मागितली नाही.