मिटलेली मूठ

मुलांनो, कालचं एक दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून आजच लिहिते. दवाखान्यात माझं रक्त काढल्यावर तरुण सिस्टरने सुईला पुन्हा टोपण लावलं आणि अंगठा चटकन मुठीत लपवला.

"टोचली ना गं?"

"छे हो, आजी!"

"काविळीची लस घेतली आहेस?"

"घेतली की." उत्तर जरा जास्तच लवकर आलं.

माझी बहीण कुसुम नर्स होती. सुई टोचल्यावर तीही अशीच मूठ मिटून हसली होती. पुढे त्या सुईतून लागलेल्या काविळीने गेली. या मुली आजारापेक्षा मोठ्या सिस्टरच्या ओरड्याला भितात.

"हात धू, मोठ्या सिस्टरना सांग, आणि माझंही रक्त तपासा. माझ्या रक्ताचाही भरवसा नको."

तिने मूठ उघडली. अंगठ्यावर रक्ताचा थेंब होता.

कुसुमचा चेहरा आता पुसट झाला आहे. तिची मूठ अजून आठवते.